शालनवहिनींनी दिल्लीत घेतलेलं नाव

नाही, ताजमहाल पाहिला नाही. ताजमहाल दिल्लीत नसतो, आग्र्याला असतो, हे रहाटणीतल्या निम्म्या लोकांना मला सांगावं लागलं आणि उरलेल्या निम्म्यांना सांगूनही पटलं नाही. तुम्ही विचारलं नव्हतं, ठाऊक आहे, पण विचारणारच होता, म्हणून आधी लिहून टाकलं. आता रामराम. महाळुंगे मुक्कामी आमचे पाव्हणे यशवंतराव यांना रहाटणीहून अर्जुना मारुतीचा हात जोडून रामराम. इकडं सगळे धड आहेत. तिकडं तुमचा गुडघा, तुमच्या मंडळींची दाढ आणि तांबडी गाय कशी आहे ते कळवा. (गाईचं आधी कळवा, बाकीची दोघं स्वतः बोलू शकतात.)

तुमच्या बहिणीला, आमच्या शालनवहिनींना, या वयात मी दिल्लीला कशाला नेलं, असं तुमच्या भावकीत कुणीतरी म्हणालंच असेल. हौस म्हणून नेलं नाही. मला हौस माहीत नाही. आमच्या सुमनचं लग्न फाल्गुनात धरलंय, चिंचवडच्या नानासाहेबांच्या पोराशी. पोरगा पिंपरीला कारखान्यात आहे, सरळ आहे. बाप मात्र नको तिथं बोट घालणारा. बैठकीला आले, पुरणपोळ्या चेपल्या, तोंड पुसलं आणि म्हणाले, "हळद कोण लावणार?" म्हटलं, तिची चुलती. माझी बायको पोरीला पाळण्यात टाकून देवाघरी गेली, तेव्हापासून शालनवहिनींनीच तिला वाढवली, दुसरं कोण लावणार? तर नानासाहेब आढ्याकडं बघत म्हणाले, "न्हाई, त्यांच्या यजमानांचं काय ते नक्की न्हाई ना. शुभकार्य हाय."

आता हे तुम्हाला काय सांगायचं. आमचा सोपानदादा पहिल्या जर्मन लढाईत बसऱ्याकडं गेला आणि सरकारनं 'बेपत्ता' असं कळवलं. मेला असं कळवलं असतं तर रडून मोकळे झालो असतो. पण बेपत्ता म्हणाले, आणि त्या एका शब्दावर तुमची बहीण चाळीस वर्षं कपाळाला कुंकू लावतेय. गावानं किती सांगितलं, बारा वर्षं झाली, आता पळसाचा पुतळा करून क्रिया उरका. वहिनी म्हणाल्या, "पळसाला काय झालंय? तो बिचारा न्हाई कुठं गेला."

मग दिवाळीत आपला बबनराव आला. (तोच, देहूरोडच्या डेपोत होता, तिथून दिल्लीला बदली झालेला. केसांना इतकं तेल लावतो की टोपी घसरते.) तो ओट्यावर बसून सांगू लागला, की दिल्लीत एक मोठी कमान आहे आणि त्या लढाईत मेलेल्यांची नावं तिच्यावर कोरलीत. झालं. ते चिंचवडला पोचलं आणि नानासाहेबांचा निरोप आला, जाऊन बघा, नाव असलं तर हळदीला दुसरी सवाशीण बघा, नसलं तर आमचं काही म्हणणं नाही. मला असली लोंबकळ आवडत नाही. म्हटलं, वहिनी, चला. एकदा काय ते बघून टाकू. त्या उठल्या आणि दशम्या करायला बसल्या.

बबनरावाच्या क्वार्टरात उतरलो. माझं म्हणणं, आधी कमान बघू, कामाचं आधी. पण वहिनींनी पहिल्या दिवशी लाल किल्ला म्हटलं. म्हटलं ठीक. लाल किल्ला मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण किल्ला म्हटल्यावर डोंगर नको? निदान आपल्या चाकणच्या किल्ल्यासारखा खंदक तरी धड पाहिजे. आत एक बोलका माणूस मागं लागला. एक दालन दाखवून म्हणाला, यहाँ शहज़ादों की तालीम होती थी. मी बघतोय तर खाली गुळगुळीत संगमरवर. म्हटलं, बाबा, माती कुठंय? आखाडा कुठंय? संगमरवरावर कुस्ती खेळली तर शहजाद्यांची कंबर राहील का? तो म्हणाला, पढ़ाई, पढ़ाई. मग पढाई म्हणावं ना, तालीम कशाला म्हणायचं! वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. (मी हसलो नाही. माझी चूक नव्हती.) पुढं तो जे काही दाखवी ते नसलेलंच. इथं तख्त होतं, नेलं. इथं हिरे होते, काढले. इथून पाणी वाहायचं, आता वाहत नाही. मी म्हटलं, अरे, जे आहे ते दाखव की! वहिनी मात्र प्रत्येक रिकाम्या जागेपुढं उभ्या राहून नीट बघत होत्या. मला उशीर होत होता.

दुसऱ्या दिवशी परत म्हटलं, कमान. तर म्हणाल्या, "भावजी, आधी तो कुतुबमिनार बगू." मनोरा म्हणजे वर चढून खाली उतरायचं, त्यात काय मिळतं देव जाणे. मी खाली सावलीला बसलो. या वयात तुमची बहीण पदर खोचून चढली आणि वरच्या सज्जातून सगळ्या लोकांदेखत ओरडली, "भावजी, रहाटणी दिसत न्हाई वो!" माझ्या शेजारी बसलेल्या सरदारजीनं विचारलं, क्या कहती है? मी म्हटलं, कुछ नहीं, गाँव ढूँढती है. खाली आल्यावर म्हटलं, वहिनी, उद्या मात्र कमान, निमित्तं पुरे. त्या चपला घालत होत्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, "व्हय. उद्या." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की बाई किल्ल्याला नि मनोऱ्याला हौसेनं आलेली नाही. ती दिवस ढकलतेय. परतताना तिला रेवड्या घेऊन दिल्या. त्या तिनं खाल्ल्या नाहीत, सुमीसाठी बांधून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी टांगा केला. कमान चांगली पोटभर मोठी आहे. समोर छत्रीत एक गोरा राजा उभा केलाय. ज्यांनी त्याच्यासाठी जीव दिला ते दगडावर अक्षरं होऊन बसलेत आणि हा अजून ताठ उभा. टांग्यातून उतरलो आणि माझ्या लक्षात आलं, बबनरावाच्या बायकोनं दिलेलं दशम्या-ठेच्याचं गाठोडं टांग्यातच राहिलं. वहिनींना कमानीखाली उभं केलं आणि मी टांग्यामागं पळालो. (दिल्लीचा रस्ता सरळ असल्यामुळं टांगा दिसत राहतो, सापडत नाही.) गाठोडं मिळालं, पण परत यायला मला बराच वेळ गेला.

येऊन बघतो तर वहिनींभोवती घोळका. मधे एक उंच जवान, तिकडचा, चांगला माणूस. त्यानं विचारलं होतं, माई, किसका नाम ढूँढती हो? आता तुमची बहीण नवऱ्याचं नाव घेईल का? (हे खूळ तुमच्या आईनं तिच्या डोक्यात घातलं, नाव घेतलं की धन्याचं आयुष्य झिजतं. चाळीस वर्षांत घरात ते नाव तिच्या तोंडून आलेलं नाही. माळ्याच्या पोराचं नाव सोपान, तर त्यालासुद्धा ती 'अरे माळ्याच्या' म्हणते.) मग ती खुणेनं सांगत होती. "आळंदीचे माउली हायेत ना, त्यांचे धाकले भाऊ. सासवडाला समाधी हाय बगा." त्या बिचाऱ्या जवानाला कुठली आळंदी आणि कुठलं सासवड! तो एकेक नाव घेऊन बघत होता. रामसिंग? हरिसिंग? बलबीर? प्रत्येक नावाला ही दोन्ही हातांनी नको नको करतेय आणि शेवटी चिडून म्हणाली, "अवो बाबा, मी काय हरिसिंगाचं कुंकू लावते व्हय?"

बायका हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण मी धापा टाकत होतो. पुढं होऊन म्हटलं, थांबा, मी सांगतो, त्यांचं नाव... तेवढ्यात तिनं हात आडवा केला. "भावजी, तुमी न्हाई." आणि मग त्या जवानाकडं तोंड करून, पदर सारखा करून, अगदी शेताच्या बांधावरून हाक मारावी तसं खणखणीत म्हणाली, "सोपान मारुती."

यशवंतराव, उखाणा नाही, आढेवेढे नाहीत. आयुष्य झिजायची भीतीच उरली नव्हती तिला. मी म्हटलं, वहिनी, हे काय केलंत? तर म्हणाली, "मला ठाव हाय भावजी. लई दिसांपासनं ठाव हाय." म्हटलं, मग इतकी वर्षं...? म्हणाली, "सासूबाई व्हत्या तवर त्यांच्या डोळ्यांपुढं कुंकू पुसवंना. म्या पुसलं असतं तर त्यांचा ल्योक मेला असता. त्या गेल्या, तर तुमी सुमीला आणून माझ्या मांडीवर ठिवलं. ते पोर कुंकवाला हात लावल्याबिगर झोपत नव्हतं. मग कवा पुसायचं, तुमीच सांगा."

जवान नाव बघायला गेला. वहिनी थांबल्यासुद्धा नाहीत. गवतावर जाऊन बसल्या, गाठोडं सोडलं आणि मला म्हणाल्या, "या, दशमी खावा. पळून पळून तोंड बगा कसं झालंय." त्या खात होत्या आणि नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं. मी ठेच्याचं निमित्त केलं आणि म्हटलं, बबनरावाच्या बायकोनं मिरच्या फार घातल्यात. त्या म्हणाल्या, "व्हय, लई तिखट झालाय."

दुसऱ्या दिवशी गाडी धरली. घरी आल्याबरोबर मी चिंचवडला जाऊन नानासाहेबांना तोंडावर सांगून आलो, दगडावर नाव नाही, हळद शालनवहिनीच लावतील, विषय मिटला. ते म्हणाले, नीट बघितलं ना? मी म्हटलं, तुम्ही जाऊन बघा, नावं इंग्रजीत आहेत आणि छपराएवढ्या उंचीवर आहेत. तेव्हा त्यांनी पानाचं तबक पुढं सरकवलं. असा दिल्लीचा प्रवास. पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण जाऊ नका.

तुमचा,
अर्जुना मारुती

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. हळदीच्या दिवशी सकाळीच या. येताना बहिणीला हिरवा चुडा आणि खण आणा, आणि चारचौघांत, नानासाहेबांच्या घरच्या बायकांसमोर, मांडवात भरा. माहेरच्यानं हिरव्या बांगड्या भरल्यावर कोण कशाला तोंड उघडतंय. गुडघा दुखतो म्हणू नका, बैलगाडी पाठवतो.

ता. क. लग्न झाल्यावर त्या कुंकू ठेवतात की पुसतात, तो त्यांचा प्रश्न. त्यांना कुणी विचारायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही. सुमी सासरी गेल्यावर महिनाभर त्यांना तिकडं न्या, घर रिकामं लागेल. (मला नाही, त्यांना.)

ता. क. जवान परत आला तेव्हा मी उठून पुढं गेलो, वहिनी लांब गवतावरच होत्या. तो माझ्या कानाशी येऊन काय बोलला, हे तुम्ही विचाराल. नानासाहेबांना मी काय सांगितलं ते वर लिहिलंय, तेवढं पाठ करा. जवानानं काय सांगितलं ते मी सांगणार नाही. तुम्हालाही नाही, कुणालाच नाही. बास.