उरलेल्या प्रश्नांचं प्रकरण

प्रिय आदिनाथ,

फोन उचलत नाहीस, म्हणून तुझी अक्का शेवटी कागदावर उतरली. मेसेज टाकला की दोन निळ्या खुणा दिसतात, म्हणजे तू जित्ता आहेस एवढं कळतं. तेवढ्यावर आईचं भागत नाही, आणि माझं तर मुळीच नाही.

यंदा तू येळवशीला, वेळ अमावस्येलाही गावी मुरुडला आला नाहीस. रानात कडब्याची खोप घातली, पूजा झाली, तुझ्या दाजींनी शेतभर आंबील शिंपडली, आणि आई भाज्या-शेंगांच्या भज्जीचं मोठं पातेलं, तो गंज, पुढ्यात घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसली. तिची खोड तुला ठाऊक आहेच. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, आणि सगळे उठले तरी गंज खरवडू द्यायचा नाही, मागून कोणी आलं तर म्हणून. या वेळी मागून येणारा तूच, असं ती धरून चालली होती. दिवस कलला तेव्हा गंज तसाच घरी आणला.

परवा शेषेराव सरांचा फोन आला. गाइडला विद्यार्थ्याच्या बहिणीला फोन करावा लागतो म्हणजे पाणी डोक्यावरून गेलंय. म्हणाले, बाइंडिंगला दिलेला प्रबंध तू परत घेऊन आलास. न सुटता उरलेल्या प्रश्नांचं शेवटचं प्रकरण काढून टाकलंस, आणि फरशीच्या आकाराच्या त्या एका जातीचा निकाल लागल्याशिवाय जमा करणार नाही म्हणून खोलीचं दार लावून बसलास. महिनाअखेर मुदत संपते. मग नोंदणी रद्द, आणि हदगावच्या कॉलेजात तुला मिळायची नोकरीची जागाही हातची गेली. हे सांगताना सरांचा आवाज जरासुद्धा चढला नाही, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

तुझा विषय मी दाजींना असा समजावते: एकाच आकाराच्या फरशा घ्यायच्या, मधे फट न ठेवता सगळी जमीन भरायची, आणि कोणत्या आकाराने ती भरते, कोणत्याने नाही, ते सिद्ध करायचं. ते मान डोलावतात आणि विचारतात, मग पोराचं काम अजून किती राहिलं? जणू तू नांदेडात कुणाच्या बंगल्याची फरशी बसवून राहिलास. हसू येतं.

दोष आपल्या लातूरच्या वळणाचा आहे. इथे मी शिकवते त्या क्लासात दिवाळीच्या आत पोर्शन पुरा, मग रिव्हिजन, मग टेस्टवर टेस्ट. धडा झाला की मी स्वतः फळ्यावरच्या त्याच्या नावावर काट मारते आणि पोरं हुश्श करतात. तूही त्याच बाकांवर वाढलास. पेपरात एक प्रश्न राहिला तर दोन दिवस ताटावर बसायचा नाहीस. पण बाबा, प्रबंध म्हणजे बारावीचा पेपर न्हाई.

मागच्या आठवड्यात बॅचमधल्या एका पोरीने मलाच अडवलं. मॅडम, भूमिती संपली का, की अजून कोणी शोधून राहिलं? सगळी बॅच हसली. मी सांगितलं, सगळ्या बाजू आणि कोन सारखे असतील तर त्रिकोण, चौकोन आणि षट्कोन, बाकी कशानेच जमीन भरत नाही, ते दार केव्हाच बंद झालंय. पण बाजू-कोन कमीजास्त असलेल्या, जमीन भरणाऱ्या पंचकोनांची यादी पुरी झाली असं एकदा जाहीर झालं, आणि नंतर आणखी जाती निघाल्या. त्यातल्या काही तर एका गृहिणीने स्वयंपाकघरात बसून शोधल्या. आता तीही यादी बंद झाली म्हणतात, तोवर लोक दुसऱ्याच फरशीच्या मागे लागले. एकेक प्रश्न संपतो हे मी तिला सांगितलं. अख्खी शाखा कधी संपते का, ते मात्र मी स्वतःलाच विचारत घरी आले.

तुझी घरमालकीण गुरम्मा सांगते, डबा तसाच परत जातो. मला भीती वाटते, आदिनाथ. तू हुशार आहेस याचीच भीती वाटते. त्या एका जातीपायी तू स्वतःला संपवून घेशील आणि ती जात आहे तिथेच राहील.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा मी दिली, आणि पास झाले. दाजी आणि सर सोडून कोणाला माहीत नाही. चाळिशीत हे काय काढलं म्हणून आई कपाळाला हात लावेल. समितीपुढे जायला मला एक प्रश्न लागतो. तू काढून टाकलेलं प्रकरण मी सरांकडून मागवून घेतलं. ती जात घेऊन ओट्यापाशीच पेन्सिलीने आकृती काढत बसले, आणि दूध उतू जाऊन गॅस विझला तरी मला कळलं नाही. असं मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. म्हणून तुझ्या पाया पडते, ते प्रकरण परत जोड, ती जात माझ्यासाठी उरू दे आणि प्रबंध जमा कर. गंज खरवडू नकोस. मागून मी येऊन राहिले.

तुझीच, अजून जेवायची राहिलेली,
राजकन्या अक्का