तापवलेल्या खडकाबाबत माझी हरकत कायम

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, निवृत्त भूगर्भतज्ज्ञ. माझे गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण शंका काढणारे घरातच आहेत. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे. दडपणाचे प्रयत्न पुष्कळ झाले. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर मुलाला द्यावे. त्याने ते खुशाल विकावे. मात्र "त्या भुयाराकडे बघत बसू नकोस" म्हणून त्याने डोंगराकडची खिडकी मला न विचारता बुजवली. ती आधी उघडावी, मगच ताबा घ्यावा.

२. बँकेतील ठेव नणंदेला. माझी बदली झाली तेव्हा सगळ्या सासरात ती एकटीच म्हणाली, "वहिनी, सही करू नका."

३. बदलीचे कारण इथे नोंदवते. अणुभट्टीचा किरणोत्सारी कचरा त्या डोंगराखाली पुरायचा बेत होता. खडक ज्वालामुखीचा, दिसायला अभंग. कचऱ्याची धग तो सोसेल का, हे पाहायला आम्ही भुयारात भोके पाडून विजेचे हीटर बसवले. दुसऱ्या वर्षी केसाएवढी भेग पडली आणि तिच्यातून पाणी झिरपू लागले.

आमचे साहेब म्हणाले, "बाई, एवढीशी ओल. सिमेंट भरा आणि खडक योग्य आहे म्हणून सही करा."

मी म्हटले, "ओल एवढीशीच आहे, साहेब. कचरा हजारो वर्षं राहणार आहे."

निवृत्त होईपर्यंत मी भांडारात खुर्च्या मोजल्या. सही केली नाही, आजही करणार नाही.

४. माझ्या शोकसभेला साहेबांनी यायला हरकत नाही. त्यांना खुर्ची द्यावी, माईक देऊ नये.

५. हातोडा, भिंग आणि खडकाचे सर्व नमुने मुलीला. ती आज त्याच प्रकल्पावर आहे. यावरून आम्ही दोघी वर्षभर अबोला धरून होतो. तिचे म्हणणे, "आई, तू एकच भुयार पाहिलंस. डोंगर मोठा आहे." म्हणणे खोटे नाही, म्हणूनच जास्त लागले.

६. परवाना मंडळापुढे मी नोंदवलेली हरकत माझ्या पश्चात मुलीनेच चालवावी. मुलाने किंवा इतर कोणी ती मागे घेऊ नये.

हे कलम मी तिला वाचून दाखवले.

"माझी नोकरी जाईल, आई."

"जाईल कदाचित."

"आणि खडक चांगला निघाला तर?"

"तर हरकत मागे घे आणि आईचं चुकलं म्हणून खुशाल छापून आण. पण दुसरं भुयार खणून, खडक तापवून, स्वतः बघून. त्याआधी नाही."

तिने कागद परत दिला आणि विचारले, "हीटर किती वर्षं ठेवू?"

"तुझे साहेब कंटाळतील त्याच्या पुढे."

वाचून, समजून सही केली.

मृत्युपत्र करणार : (सही)
साक्षीदार : दाखला देणारे डॉक्टर (सही), शेजारचे चष्मेवाले (सही)
ठिकाण : राहते घर
दिनांक : ९ फेब्रुवारी