बारशाआधी कुर्र

२ फेब्रुवारी, सोमवार

सृष्टे, आधी चष्मा शोध. डोक्यावरच असेल, हात फिरवून बघ. सापडला? आता वाच. तू विसरली असशील म्हणून पहिल्यापासून सांगते. तुला नंदीश नावाचा एक भाऊ आहे, तो सोलापुरात राहतो. त्याच्या बायकोचं नाव ऋतुजा. त्यांना तेवीस दिवसांची लेक आहे आणि तिची तू एकुलती एक आत्या. मी तुमची आजी. हेही ध्यानात ठेव.

मंगळवेढ्याहून नऊच्या एसटीनं निघाले. ऋतुजाच्या आईनं पाठीमुळं अंथरूण धरलंय, म्हणून बाळंतिणीचं बघायला मला बोलावणं. पिशवीत ज्वारी, हुलगे, डिंक, खारीक. कंडक्टर म्हणाला, आजी, दुकान टाकताय काय? म्हटलं, व्हय, पहिलं गिऱ्हाईक तूच हो.

घर जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर. भिंती इतक्या पांढऱ्या की टेकायची चोरी. तू दिलेल्या फोनवर जिथं लाल टिकली चिकटवलीस, तिथं बोट ठेवून मी बोलते आणि हा ते अक्षरात घालून तुला धाडतो, तुझा निरोप मला वाचून दाखवतो. तारीखही तोच घालतो. जन्मात पाटी धरली नाही आणि म्हातारपणी कारकून पदरी बाळगलाय बघ.

लेकीला मी ठकी म्हणते. खरं नाव तू माझ्याच कानात सांगितलंयस, ते मी गिळून बसलेय. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, पण तू म्हणजे तू, म्हणून सांगते. बारशाला आत्यानं कुर्र करून कानात नाव सांगायचं, पाच वेळा. पाचव्या वेळी लेकरू त्या नावाचं होतं आणि नाव सांगणारीच्या वळणावर जातं. तुझ्या दवाखान्यानं रजा दिली नाही म्हणून बाराव्याचं बारसं एकोणीस तारखेवर गेलंय. तेव्हा तरी ये. नाहीतर ठकी जन्मभर ठकीच.

४ फेब्रुवारी, बुधवार

नंदीश घराघरांत वायफायचे डबे बसवत फिरतो, हे मला आज नीट कळलं. त्यातला एक नवा डबा त्यानं आपल्याच घरी, मधल्या खोलीत, पाळण्याच्या वर ठोकलाय. वायर तिथवरच पुरते म्हणे. चार शिंगांचा काळा डबा, पोटात हिरवा दिवा. जुन्यापेक्षा दुप्पट जोराचा, असं तो अभिमानानं सांगत होता. बैल घेतल्यासारखा.

डब्याबरोबर कागद आलाय. ऋतुजाला मी तो मोठ्यानं वाचायला लावला. एक, अंगापासून वीतभर लांब ठेवा. दोन, बाहेरून येणारा कसलाही अडथळा या यंत्रानं सोसलाच पाहिजे, त्यापायी यंत्राकडून नको ते घडलं तरी. मी म्हटलं, हा कागद डब्याचा की नव्या सुनेचा? ऋतुजा इतकी हसली की ठकी दचकून उठली.

माझ्या कानातलं यंत्र मात्र त्या खोलीत गेलं की चर्र करतं. नंदीश म्हणाला, दोन यंत्रं जवळ आली की एकमेकांत लुडबुड करतात, तू लांब बस. आता पाळण्यापासून लांब बसायचं, तर मी आले कशाला?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तुझ्या भावाचं कुठंतरी पाणी मुरतंय. सरकारनं तपासलेल्या डब्यावर एक चिठ्ठी असते, असं तोच जेवताना बोलला. दुपारी तो नसताना त्याच्या खोलीतले डबे मी पालथे करून बघितले. काळे, पांढरे, शिंगांचे, बिनशिंगांचे, आणि चिठ्ठी सगळ्यांवर एकच. मला अक्षर कळत नाही, पण काठ कळतो. वेगवेगळ्या मागांवरच्या लुगड्यांना एकच काठ कसा येईल? आणि आपल्या पाळण्यावरच्या डब्याला तर तीही नाही. विचारलं, तर म्हणाला, चिकटवायची राहिली. म्हणजे तपासायचं नसतं, चिकटवायचं असतं! खाली बघून भाकरी कुस्करत बसला.

आणखी एक. ठकीला न्हाऊ घालून, शेकून झोपवलं. घरात सामसूम. माझ्या कानात चर्र, चर्र, आणि मग बाईचा आवाज. लांबून, विहिरीतून आल्यासारखा. कुर्रर्र, आणि एक नाव. पुन्हा कुर्रर्र, दुसरं नाव. अर्चना, सुमन, पद्मा, कस्तुरा. किल्ल्यांचा जुडगा घेऊन कुणी कुलपाला एकेक लावून बघावी तशी.

ठकीनं झोपेत मान डब्याकडं वळवली.

८ फेब्रुवारी, रविवार

नंदीशला सांगितलं. तो म्हणाला, शेजारी कुणाकडं तान्हं असेल. पाळण्याजवळ ठेवून दुसऱ्या खोलीत ऐकायचं एक यंत्र मिळतं, त्याचं बोलणं तुझ्या कानात शिरतंय. पटण्यासारखं होतं. पण मी काल-आज वाटी घेऊन चार गल्ल्या हिंडले, विरजण मागायच्या निमित्तानं. सोळा घरं. दहीच एवढं जमलं की ऋतुजानं कढी केली. एकाही दोरीवर दुपटं नाही, एकाही घरात बाळंतशेपाचा वास नाही.

मग हा नंदीशच तर नाही? की ऋतुजा, मला घाबरवून गावी धाडायला? मी दुपारी दोघांना समोर बसवलं. दोघांची तोंडं मिटलेली, आणि कानात बाई नावं घेतेय. सरस्वती. मालन. शकुंतला.

तू निरोप धाडलास की म्हातारपणी कान वाजतात. वाजू देत. पण ठकी ज्या क्षणी वळते, त्याच क्षणी माझ्या कानात कुर्र येतं, याला तुमच्या दवाखान्यात काय म्हणतात?

९ फेब्रुवारी, सोमवार

कमाल झाली तुझी! आत्या होणार, आणि नावच विसरलीस? पाळण्यावर लावायला नावाची पाटी करायची, म्हणून मला विचारतेस? नाव लिहिलेली चिठ्ठी धुण्यात गेली म्हणे. बरं, घे. कान देऊन ऐक, फोनलाच सांगते. रेवती. लिहून ठेव हातावर.

मी हे पाळण्याजवळ बसूनच सांगितलं. हिरवा दिवा लुकलुकला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज बाईनं एकच नाव घेतलं. शोधायची थांबली. कुर्रर्र, आणि तेच, जे मी काल तुला सांगितलं.

माझ्याच तोंडून गेलं गं. इतके दिवस गिळून ठेवलं आणि काल डब्याखाली बसून ओकले.

ठकीनं डोळे उघडले, डब्याकडं बघून हसली. महिन्याचं लेकरू असं ओळखून हसत नाही.

ही पहिली वेळ. मी डब्याची वायर ओढून काढली. नंदीशनं परत लावली, शेजारच्यांचं वायफायही त्यावरच चालतं, ते ओरडतील म्हणून. मग चुलीवरच्या दुधाकडं बघावं तशी मी डब्याकडं बघत बसले.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज दारात सरकारी जीप. बसलिंगप्पा नावाचे साहेब आले, अक्कलकोटकडचे, बोलण्यात कानडीचा हेल. या गल्लीतून कसली तरी लहर सुटतेय, तिच्यामुळं सरकारी बिनतारी बोलणं तुटतंय, अशी तक्रार होती. हातात माशाच्या काट्यासारखी तारांची काठी. जिकडं रोखली तिकडून आवाज वाढतो.

डब्याकडं रोखली, तर काठीचं यंत्र किंचाळलं. साहेबांनी नंदीशला लई झापलं. बिनतपासणीचा माल, वर खोट्या चिठ्ठ्या, जोर हद्दीबाहेर. नंदीश लाल झाला, पण मला मनातून बरं वाटलं. डबा उतरवला, पिशवीत घालून वर लाख लावली. ऋतुजाला मी म्हटलं, चहा टाक, साडेसाती गेली.

तर काठीचं किंचाळणं थांबेना.

साहेबांनी काठी फिरवली. भिंत, शांत. खिडकी, शांत. माझं कानातलं यंत्र, शांत. पाळणा, किंचाळली. खुळखुळा काढला, दुपटं काढलं, काळा दोरासुद्धा काढला. मग ऋतुजानं ठकीला उचलून स्वयंपाकघरात नेलं, आणि काठीचा आवाज तिच्यामागं स्वयंपाकघराकडं गेला.

साहेबांनी काठी बंद केली. मग मला हळू म्हणाले, आजी, आता ह्याची नोंद मी कशाखाली करू? चहा न घेता गेले. खाली जीप सुरू व्हायला बराच वेळ लागला.

डबा गेलाय, तरी चार वाजता कुर्र झालं. दुसरी वेळ.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

यंत्र कानातून काढून ठेवलं. मला ऐकू आलं नाही. पण ठकी वळली, हसली. म्हणजे मी कान बंद केले तर मी सुटते, ती नाही.

परत घातलं. तिसरी वेळ झालीच होती.

दुसरं नाव ठेवून बघितलं. ऋतुजाला म्हटलं, आई आहेस, तू सांग कानात. तिनं पाच वेळा सांगितलं, रडत रडत. ठकी भिंतीकडंच बघत राहिली. आईकडं नाही. सृष्टे, आईकडं नाही.

तुझ्याशिवाय होणार नाही हे. तुझाच हक्क आहे. ती बाई तुझ्या जागी उभी राहिलीय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

घर सोडून बघितलं. सकाळी रिक्षात बसलो, ठकीला घेऊन, अक्कलकोट रस्त्याला ऋतुजाच्या माहेरी जायला. रिक्षावाला राहत नावाचा, भला माणूस. त्यानं गाणी लावली होती. गाणं मधेच चर्र झालं, आणि त्याच्या गाण्याच्या डब्यातून, सगळ्यांना ऐकू जाईल असं —

कुर्रर्र. आणि नाव.

राहतनं रिक्षा कडेला घेतली. अम्मा, ये कौन बोल्या, म्हणाला. नंदीशनंही ऐकलं. आता तो कान वाजतात म्हणत नाही. फूटपाथवर बसून डोकं धरून एकच म्हणत होता, मी चिठ्ठी लावायला हवी होती. जसं काही चिठ्ठीनं तिला अडवलं असतं.

चौथी वेळ, आता एकच उरली. तिथूनच घरी परतलो.

तू उद्या सकाळच्या गाडीनं निघतेस म्हणालीस. नीघ. काय विसरायचं ते विसर, तिकीट विसरू नकोस.

१४ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

एक कळलंय. सूर्य वर आला, ठकी जागी झाली, कानात चर्र सुरू झालं. मी घाबरून टिकलीवर बोट ठेवलं, तुला हाक मारायला. तर चर्र थांबलं. बोलत राहिले, थांबलेलंच. दम घ्यायला थांबले — कुर्र — अर्धं. पुन्हा बोलले. गप्प.

ती ऐकतेय. माझं. नाव माझ्याच तोंडून मिळालं ना, म्हणून पुढं आणखी काय देते याची वाट बघते.

ऋतुजानं बोलून पाहिलं. थांबत नाही. नंदीशचंही नाही. माझंच.

मग ठीक आहे. कागदात लिहिलंय ना, अडथळा सोसलाच पाहिजे. सोस म्हणावं. हा अडथळा चार सुनांना पुरून उरलाय.

दुपार

दोघांना बाहेर काढलंय, मधे बोलून मला तोडतात; ठकीचं दूध ऋतुजानं काढून ठेवलंय. दार लावलंय. मी आणि ठकी. बोलतेय. काय बोलू — पेरणी सांगितली, नणंदांची भांडणं सांगितली, तुझ्या आजोबांनी रुसून तीन दिवस गोठ्यात काढले ते सांगितलं. बाई ऐकतेय. मधे एकदा हसली. माझ्याच विनोदाला.

थांबायचं नाही.

तुझी गाडी कुठं आली? जेऊरला उभी आहे म्हणालीस. का उभी? गाडीवाल्याला सांग — नको, सांगू नकोस, तू येच.

ठकी माझ्याकडं बघतेय. पहिल्यांदा माझ्याकडं. बघ, बघ माझ्याकडं, इकडं, शहाणी गं बाय ती —

संध्याकाळ

घसा बसलाय. आवाज बारीक झाला की चर्र जवळ येतं. एक घोट पाणी प्यायले तेवढ्यात — कु — एवढं झालं. पुढचं मी तोंडात पाणी असतानाच बोलून बुडवलं.

गाडी सुटली म्हणालीस. बरं. बरं.

ऋतुजाला निरोप दे, माझा आवाज दारापलीकडं जात नाही आता. दारातून भाकरी आणि पिठलं आत सरकवलंय तिनं. परत घेऊन जा म्हणावं. भाकरी नको. चावायला वेळ जातो. भात नको, शीत घशात अडकतं. हुलग्याचं माडगं करून पाठव म्हणावं, पातळ, कोमट, गूळ घालून, लसूण नको, ठसका लागला तर — आणि वाटीत नको, नळीच्या पेल्यात, म्हणजे ओठांच्या कोपऱ्यातून ओढत ओढत बोलता येईल, गिळायला जेवढं थांबावं लागतं तेवढंच —