येऊ शकत नाही

प्रिय ढब्बू,

आधी दार लावून घे. पाळकसाहेबांचं घरचं नाव ढब्बू आहे हे तुझ्या मंडळीतल्या कुणी वाचलं तर पुढच्या रविवारी प्रवचनाकडे कुणाचं लक्ष राहणार नाही. एकतीस वर्षांनी तुला पत्र लिहायचं तर सुरुवात कशी करावी, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी पाळण्यातलंच नाव बरं वाटलं. अक्षर वाकडंतिकडं आहे, कारण पाठीशी तीन उशा लावल्या तरी मांडीवरचा पाट घसरतो आणि हातात पूर्वीसारखा जोर नाही. सावकाश वाच.

तुझी चिठ्ठी मंगळवारी पोचली. तुझी बायको स्वतः घेऊन आली. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. चांगली आहे रे, तुझ्यासारखी नाही. आल्या आल्या तिने खिडकी उघडली, माझी वेणी घातली आणि माझ्याजवळ बसून राहिली. तिच्यासमोरच चिठ्ठी वाचली. गेल्या उपासनेत तू माझं नाव सभासदांच्या यादीत परत घातलंस, सगळ्यांसमोर वाचून दाखवलंस, आणि येत्या रविवारी सकाळी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेऊन स्वतः येतोस. मी खूप रडले. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, असं रडतारडता म्हणालेसुद्धा. तुझ्या बायकोला हसावं की नाही ते कळेना.

तुला आठवतं का, स्वयंपाकघरात लाकडी खोक्यावर उभा राहून तू पाळक व्हायचास? आबांचा प्रवचनाचा काळा कोट तुझ्या घोट्यापर्यंत यायचा. पावाचा तुकडा आणि वाटीत लाल सरबत. मंडळीत मी, शेजारची दोन पोरं आणि मांजर. तू मांजरालाही तुकडा द्यायचास. मी म्हटलं, अरे मांजराला कशाला, तर तू म्हणालास, तेपण आलंय ना. तू सहा वर्षांचा होतास. आबांनी दारातून ऐकलं आणि परत गेले. त्यांना राग आला होता की हसू, हे मला आजवर कळलेलं नाही.

पुढे मी एका कॅथलिक कुलूपवाल्याशी लग्न ठरवलं आणि ढब्बूचा पाळक झाला. लग्न त्यांच्या चर्चमध्ये होणार, मुलांचा बाप्तिस्मा तिकडेच होणार, हे ऐकून आबांनी बोलणं टाकलं आणि तू मंडळीच्या सभेत यादीतून माझं नाव कापलंस. मी तुला तरीही आमंत्रण पाठवलं. उलट टपाली कार्ड आलं. त्यावर तीनच शब्द होते: येऊ शकत नाही. खाली सही. ताई नाही, काही नाही. ते कार्ड माझ्या बायबलात आहे. तीन दिवस मला घास गेला नव्हता, हे तुला कधी सांगायचं नव्हतं, पण आता कुणासाठी लपवू?

तेव्हापासून मी धड ना इकडची, धड ना तिकडची. तुमच्या मेजावर माझं पान नाही आणि मी कॅथलिक झाले नाही म्हणून यांच्या वेदीपाशी माझी पाळी येत नाही. दर रविवारी मी यांच्या चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला जाते. बाकाच्या टोकाला मी बसते, आतल्या बाजूला हे. कम्युनियनची, म्हणजे भाकर घ्यायची, रांग लागली की मी गुडघे आत घेते, हे बाहेर पडतात, घेऊन येतात, मी परत गुडघे आत घेते. एकतीस वर्षं मी हेच केलं. परत आल्यावर हे मान खाली घालून प्रार्थना करतात आणि मी शेजारी बसून समोरच्या बाईच्या रुमालाची वीण बघते. माझ्यामुळे यांनी एकदा दोन वर्षं रांगेत जाणंच सोडलं होतं. उपाशी बसायचं तर दोघांनी, असं म्हणायचे. मीच भांडून पाठवलं. कुणाचीही कुलपं उघडणारा माणूस, पण हे एक यांना उघडलं नाही, आणि त्याची लाज मात्र यांनाच वाटत राहिली.

तुला ठाऊक नसेल, वेदीवरची वस्त्रं गेली बावीस वर्षं मी धुते. आधीची बाई थकली आणि फादरनी विचारलं. ज्या छोट्या चौकोनी कापडावर ती भाकर ठेवतात, त्याचं पहिलं पाणी मोरीत सोडायचं नसतं. कण पडलेला असू शकतो. ते पाणी मातीत ओतायचं. मी ते मागच्या दारच्या जाईला घालते. मग साबण, मग खळ, मग इस्त्री, नऊ चौकोनांची घडी. तू म्हणशील, ताईला धुणंच दिलं शेवटी. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण एखाद्या गोष्टीचा कणसुद्धा इतका जपायचा असतो, हे आबांच्या प्रवचनांनी मला शिकवलं नाही, त्या कापडांनी शिकवलं. ती भाकर म्हणजे प्रभू स्वतः, हे मी मानते. तुमच्या मंडळीत ती नुसती आठवण, म्हणून तुला हे वाचून दुखेल. दुखू दे.

एकदा कण सापडला. नखाएवढाही नव्हता. मी मोरीपाशी उकिडवी बसले होते, घरात कुणी नव्हतं, आणि मी तो जिभेवर ठेवला. ढब्बू, काहीही झालं नाही. जुन्या खळीची चव लागली. नंतर आठवडाभर मला वाटत होतं की कुणाच्या तरी घरातून काही उचलून आणलंय. हे मी फादरना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, तर त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

आता माझ्या घशाचं सांगते. अन्ननलिका जवळजवळ बंद झालीये. चमच्याने पाणी उतरतं, त्यात भिजवलेला कण उतरेल. येत्या सोमवारी पोटात नळी घालणार आहेत, त्यानंतर तोंडाने काहीच नाही. नळी घातल्यावर किती दिवस, असं विचारलं तर डॉक्टरीणबाई माझ्या कागदांकडे बघतात. म्हणजे तोंडाने काही घेता येईल असा एकच रविवार उरलाय.

महिन्यापूर्वी मी फादरना विचारलं, मरताना तरी मला देता येईल? त्यांनी सांगितलं की वाट आहे, अरुंद आहे. मरण जवळ असावं, माणसाने स्वतःहून मागावं, त्यांच्यासारखा विश्वास असावा, आणि त्याच्या स्वतःच्या मंडळीचा पाळक येऊ शकत नसावा. पहिल्या तिन्ही गोष्टी माझ्याकडे होत्या. चौथीसाठी मी बायबलातून तुझं कार्ड काढून दाखवलं. त्यांना हसू आलं, मग डोळे भरले. नाव कापलेलं, पाळक नाही, हे सगळं त्यांनी बिशपना लिहिलं आणि गेल्या सोमवारी होकार आला. यांनी माझ्या उशाशी बसून ते पत्र चारदा वाचलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एका वेळी, एका मेजावरचं घेणार होतो. हे माझ्याआधी घेणार नव्हते, मला देऊन मग घेणार होते, असंही ठरलं.

आणि मंगळवारी तुझी चिठ्ठी आली. दात होते तेव्हा चणे नव्हते, आणि आता दोन्हीकडून चणे. ती चिठ्ठी मी लपवली असती तर कुणाला कळलं नसतं. पण मीही आबांचीच मुलगी, फादर आल्याबरोबर त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली आणि खाली बसले. आता तुम्हाला मंडळी आहे, पाळक आहे आणि तो येतोय, म्हणाले, आता मी कसं देऊ? हे उठून बाहेर गेले आणि ज्या कुलपाला काही झालं नव्हतं ते तासभर खोलत बसले.

नुसता भाऊ म्हणून ये, भाकर आणू नकोस, असं आधी लिहिणार होते. पण तू उशाशी उभा असताना पाळक येऊ शकत नाही असं फादरनी कुठल्या तोंडाने म्हणायचं? सोमवारी ये म्हणावं, तर एक दिवस उशिरा येणाऱ्यालाही येऊ शकत नाही म्हणत नाहीत. मी सगळीकडून विचार करून पाहिला. मला दुसरा उद्योग नाही.

म्हणून हे पत्र. ढब्बू, येऊ नकोस. तू खोटं लिहिणार नाहीस आणि मी खोटं फादरना देणार नाही, तेव्हा खरंच येऊ नकोस. शनिवारपर्यंत बायकोच्या हाती एका ओळीची चिठ्ठी पाठव. शब्द शोधावे लागणार नाहीत, तुझेच तीन शब्द आहेत, फक्त तारीख आजची घाल. बहिणीने हात जोडून अडवलं तर भाऊ येऊ शकत नाही, हे काही खोटं नाही. जमलं तर या वेळी वर ताई असं लिही. तू आता कसा दिसतोस ते मी तुझ्या बायकोला विचारून घेतलं. म्हणाली, आबांसारखे. तेवढ्यावर मी भागवून घेईन.

यादीत असो नसो, तुझीच
ताई