शेवटचं लॉगिन

चौक, उत्तन
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय डेनी,

तुला येशूची कृपा आणि मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागेवर आहे. तूही बरा असशील. निदान गेल्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत तरी होतास. ते मला कसं कळलं ते पुढे लिहिते.

आधी गावच्या बातम्या. मृतांच्या दिवशी पपा-आईच्या कबरीवर फुलं घातली. वारा इतका की मेणबत्त्या टिकेनात. मग शेजारच्या एडनाने करवंट्या आणून आडोसा केला. तुझ्या वतीनेही एक मेणबत्ती लावली. यंदा बोंबील चांगले आहेत, वाळत घालायला वलांडीच्या बांबूंवर जागा पुरत नाही. आपली बोट तांडेल नीट चालवतोय, फक्त बोलतो फार.

हे पत्र एडनाच्या जावयाच्या हाती पाठवतेय. त्याने तुला रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या जेटीवर पाहिलं, दुसऱ्याच्या बोटीची जाळी शिवताना. गावात तू मस्कतला जातो म्हणून सांगून गेला होतास. मी त्याला म्हटलं, मस्कत बरंच अलीकडे आलं की. रागावलेले नाही मी. जाळी तू पहिल्यापासून सुंदर शिवतोस.

तर मुद्द्याचं. गेल्या महिन्यात आपल्या चर्चच्या हॉलमध्ये पासवर्डचा वर्ग झाला. हसू नकोस. त्याच हॉलमध्ये आपण कॅटेकिझम शिकलो, आता पासवर्ड शिकतो. दोन्हीकडे मोहात कसं पडायचं नाही हेच सांगतात. शिकवायला जेसल पार्कहून ऋतिका नावाची मुलगी आली होती, असेल पंचविशीची. ती म्हणाली, "अंकल-आंटी, पासवर्ड मला सांगायचा नाही हां. पण खरं सांगू, बसमधून उतरून इथपर्यंत चालत येताना तुमचे अर्धे पासवर्ड मी वाचत आलेय." आणि तिने खिडकीतून किनाऱ्याकडे हात केला.

किनाऱ्यावर सगळ्यांच्या बोटी. हातभर अक्षरांत नाव, खाली नंबर. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मग एडना म्हणाली, "मंग आता काय पुसायचं, बोट का पासवर्ड?"

सगळे हसले, पण खाली बघून. आपल्या बँकेच्या खात्याचाही तोच होता ना, आपण दोघांनी मिळून ठेवलेला. मदर मेरी, आणि पुढे नंबरचे शेवटचे चार आकडे. पपांच्या बोटीहून लक्षात राहण्याजोगं दुसरं होतं काय आपल्याकडे? शांती नगरची मंडळी रविवारी फिरायला येतात आणि बोटीला टेकून फोटो काढतात. त्या प्रत्येक फोटोत आपल्या खात्याची किल्ली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग ऋतिकाने विचारलं, "ऑनलाइन कोणाचे पैसे गेलेत? हात वर करा." कोणी हात वर करेना. आता पुढे जे लिहिणार आहे त्याबद्दल तू आणि मी कधी बोललो नाही, म्हणून पेन जरा अडतंय. सगळ्यात आधी हात वर गेला तो बॉस्को अंकलचा.

हो, तेच बॉस्को अंकल. "डेन्झिलने समुद्रात न जाता बोट बुडवली" असं नाक्यावर हसून हसून सांगणारे. उभे राहिले आणि म्हणाले, "माजे गेले. पासवर्ड बोटीवर व्हता, ओटीपी मीच फोनवर वाचून दाखवला. घरी अजून ठावं न्हाय." घरची मंडळी मागच्याच बाकावर बसली होती. त्यानंतर एडनाचा हात वर गेला. मग तिच्या दिराचा, मग आणखी कुणाकुणाचा. कोणी लॉटरीला भुललं होतं, कोणी वीज कापतील म्हणून घाबरलं होतं. मी मागे वळून बघितलं तर अर्धा हॉल हात वर करून बसलेला. डेनी, त्यातल्या बहुतेकांनी तुला हसून घेतलं होतं, आणि तेव्हा काहींचे स्वतःचे पैसेही आधीच गेले होते.

मला तुझं इंजिन आठवलं. मोबाईलवरच्या जाहिरातीतलं. फोटो खरा, माणूस खोटा. पैसे भरून तू आणि तांडेल टेम्पो घेऊन भिवंडीला गेलात आणि त्या पत्त्यावर शाळा निघाली. महिनाभरात तू गाव सोडलंस. इंजिन काय, पुढे जुनंच दुरुस्त केलं, अजून चालतंय. पण तुला पैसे गेल्याचं नव्हतं लागलं, लोकांचं हसणं लागलं होतं. वर्ग सुटल्यावर बॉस्को अंकलनी मला पायरीवर थांबवलं. म्हणाले, "तुज्या भावाला सांग, मी बी येडाच हाय. त्याच्या तोंडावर सांगायचंय मना, पण तो हाय कुठं?" मला तेव्हा तेही सांगता आलं नाही.

आता पासवर्डचं. ऋतिकाने शिकवलं की चार असे शब्द घ्यायचे ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नाव नको, वाढदिवस नको, बोट तर नकोच. प्रत्येक खात्याला वेगळा. आणि कोणालाही सांगायचा नाही, नवऱ्याला नाही, भावाला नाही. मी म्हटलं, अगं, आमच्या गावात एकमेकांशी संबंध नसलेल्या चार गोष्टी शोधायच्या कुठे, इथे सगळे एकमेकांचे मेहुणे. तरी बहुतेकांनी तिथेच बसून बदलले. मी बदलला नाही.

का ते लिहिते. बँकेची साइट उघडली की वर बारीक अक्षरांत शेवटचं लॉगिन कधी झालं ते येतं. तू फोन नंबर बदललास, पत्ता दिला नाहीस, पण ही ओळ तुला लपवता आली नाही. अधूनमधून तिथली वेळ माझी नसायची. पहिल्यांदा वाटलं चोर शिरला. पण पैसे जागच्या जागी. मग लक्षात आलं, हा चोर वाऱ्या-वादळाचा इशारा आला की येतो आणि बर्फवाल्याचे पैसे दिलेले दिसले की पुन्हा बरेच दिवस फिरकत नाही. बर्फवाल्याला आपण बोट परत आल्यावरच पैसे देतो. हे आपल्या घरातल्या माणसालाच माहीत. गेल्या मंगळवारी संध्याकाळीही तो येऊन गेला.

तेव्हापासून मी बर्फवाल्याला कधीमधी रोख द्यायचे तेही बंद केलं. खात्यातून पाठवते आणि शेऱ्याच्या जागी चार शब्द लिहिते. 'बर्फ. सगळे सुखरूप.' 'बर्फ. मोती गेला, म्हातारा झाला होता.' 'बर्फ. नाताळचे कुलकुल केले.' ते सगळं बर्फवाल्या हितेशभाईंनाही दिसतं. एकदा त्यांनी फोन करून विचारलं, "एल्साबेन, ये कुलकुल मतलब कौनसा बर्फ?" तू वाचत होतास की नाही, मला ठाऊक नाही. मी लिहीत होते.

म्हणून बदलवेना. पासवर्ड बदलला की तुझी वेळ दिसणं बंद. ऋतिका फोन करून विचारायची आणि मी उद्या करते म्हणायचे. शेवटी तिला खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, "आंटी, जॉइंट अकाउंट आहे ना? मग भावाला स्वतःचं लॉगिन मिळतं. फक्त सहीला त्याला ब्रँचमध्ये यावं लागेल. तुम्ही त्याच्यासाठी दार उघडं ठेवलंय, पण तिथून कोणीपण आत येऊ शकतं." पोरगी बरोबर बोलत होती, म्हणून मला तिचा राग आला. दोन दिवस मी तिचा फोन घेतला नाही.

आज सकाळी चर्चमधून, मिस्साहून आल्यावर मी पासवर्ड बदलला. चार शब्द आहेत. ते तुला सांगणार नाही. एवढंच सांगते की टाइप करताना हसू येतं. मग लगेच रडूही आलं, कारण आता मला तुझी काही खबर लागणार नव्हती. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

खात्यावरून तुझं नाव मी काढलेलं नाही, बोटीच्या कागदांवरूनही नाही. नाताळच्या आधी ये. तुझा पासवर्ड तू ठरव, मला सांगू नकोस. मला तू घरात हवा आहेस रे, बारीक अक्षरांत नको.

इथपर्यंत लिहिलं आणि बँकेचा मेसेज आला. चुकीचा पासवर्ड वारंवार टाकल्यामुळे लॉगिन बंद केलं आहे. ऋतिका म्हणेल, चोर असेल. पण बाहेर वारा सुटलाय आणि बंदरावर धोक्याचा बावटा लागलाय.

बोट कालच परत आली, डेनी. सगळे सुखरूप.

लॉगिन उघडायला आता बँकेत जावं लागणार. मी एकटी जाणार नाही, तू आलास की दोघं जाऊ. तोपर्यंत हितेशभाईंना रोख देईन.

तुझी बहीण, आणि खात्यावरची पहिली सही,
एल्सा