पेवातली आंबलेली ज्वारी

मु. धाड. आश्विन वद्य पंचमी, संध्याकाळ.

आज पेव उघडलं. जमिनीखालच्या त्या खड्ड्यात वर्षाची ज्वारी होती. पावसाचं पाणी शिरून निम्मीला मोड आले, आंबली. दिवसभर उपसली. हातांचा आंबट-गोड वास राखेनंही जात नाही.

हे म्हणाले, "दारूच झाली याची. फेक उकिरड्यावर."

सासूबाई म्हणाल्या, "फेकतं काऊन वं? म्हशीले घाल."

भाकरी कशाच्या थापायच्या, ते कोणीच बोललं नाही.

पहिली दारू अशीच निघाली असेल का? कोण्या बाईला भिजलेले दाणे टाकवले नसतील, म्हणून तिनं चाखले असतील. मीही बोट चाटलं. वासापेक्षा चव बरी.

म्हैस टोपलंभर खाऊन डोळे मिटून पडली आहे. अख्ख्या घरात आज तेवढीच निवांत.