घरपट्टीचं लग्न

सॅन डिएगो,
१२ फेब्रुवारी १९८४

लाडके लिडिया,

तुझ्या दोन्ही गालांचे मुके. मी ठणठणीत आहे. तिकडे अलास्कात बोटीवर मासे साफ करताना हातमोजे घालतेस ना? गारठ्यानं बोटं वाकडी होतात, मग साधी सुईही ओवता येत नाही. माझं अक्षर सांभाळून घे. शाळेत गेले तेवढं पुष्कळ झालं, त्यातही शेळ्या वळायच्या दिवशी सुट्टी.

आता खाली बस. तुझ्या आजीचं लग्न झालं! हस, हस. तुझ्या आजोबांशीच झालं गं, या वयात दुसरा कोण मिळतोय? त्यांची पहिली बायको फेलिस्मिना तिकडे मायदेशी बेटावर जिवंत होती, तोवर चर्च आम्हाला लग्नाला उभं करत नव्हतं, हे तुला माहीतच आहे. नाताळाआधी ती वारली. मी तिच्यासाठी मेणबत्ती लावली आणि दुसऱ्याच दिवशी निळा झगा उसवून सैल करायला घेतला.

घाई घरपट्टीची होती. लोकांनी मतं देऊन कायदा करून घेतलाय ना, घराची सरकारी किंमत वर्षाला दोन टक्क्यांच्या वर चढवायची नाही म्हणून? त्याच्याच जोरावर आपण या टेकडीवर टिकलो. भोवती बघ, सगळे वकील नाहीतर दातांचे डॉक्टर. पण मालक बदलला की आजच्या बाजारभावानं किंमत धरतात. लग्नाच्या बायकोच्या नावावर गेलं तर चालतं, माझ्यासारखीच्या नाही. आजोबांनी मृत्युपत्रात घर मला लिहिलं होतं खरं, पण तेवढी पट्टी भरायची तर मला घरच विकावं लागलं असतं.

शेजारची देओलिंदा म्हणाली, "एवढी वर्षं तशीच नांदलीस, आता सरकारसाठी नवरी होतेस होय?"
मी म्हटलं, "तुला तर चर्चनं नवरा दिला होता. कुठे आहे तो?"
तरी लग्नाच्या दिवशी स्वयंपाकघरात मदतीला आलीच.

पाद्रीबाबांची अट एकच. नवरदेव शुद्धीवर हवा, स्वतःच्या तोंडानं हो म्हणायला हवा. डॉक्टरांनी हात टेकल्यावर आजोबांची खाट मी समोरच्या खोलीत हलवली होती, बंदर दिसावं म्हणून. नर्सनं दुखण्यावर औषध दिलं होतं, पण ते घेतलं की आजोबा मलाच 'आई' म्हणायचे. फेलिस्मिनाच्या मृत्यूचा दाखला आला, तेव्हा आजोबाच म्हणाले, "बाटली कपाटात ठेव, म्हातारे. हो म्हणेपर्यंत देऊ नको."

आणि नेमके पाद्रीबाबा तापानं पडले.

ते आले त्या दिवशी मी गोड पाव केला होता, छान फुगला होता. बाबांनी विचारलं, "बेल्मिरो, स्वखुशीनं करतोयस ना?"
आजोबा म्हणाले, "कुठलं हो बाबा, पट्टीवाले ओढून आणतायत."
बाबांनाही हसू आवरेना. मग आजोबा 'हो' म्हणाले, इतक्या मोठ्यांदा की देओलिंदा स्वयंपाकघरातून धावत आली. अजून सगळ्यांना सांगत फिरतेय, म्हाताऱ्याचं काय प्रेम म्हणून!

लिडिया, ते दुखण्यानं ओरडले गं.

बाबांची वाट बघताना त्यांनी बाटली मागितली होती. "ऑर्मिंदा, राहू दे ते घर. दे." मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. मी कपाटाची किल्ली खिशात घातली आणि सूप ढवळत बसले. ते रडले. टूना माशांच्या बोटीवर दोरात अडकून हाताचं बोट तुटलं तेव्हा शिव्या देत हसलेला माणूस तो.

पाव कापायच्या आधी मी त्यांना औषध पाजलं. "आता झोपू?" म्हणाले. झोप म्हटलं.

उठले नाहीत. दफन झालंय, तू धावत येऊ नको. बोटीवरचं काम असं मध्येच सोडून येता येत नाही, मला कळतं.

परवा पट्टीच्या कचेरीत गेले. तिथल्या मुलीनं लग्नाचा कागद बघितला आणि म्हणाली, "काळजी करू नका आजी, नेहमीचे दोन टक्केच." मी बाहेर येऊन फुटपाथवर नाचले. खरंच नाचले, निळ्या झग्यात, येणारेजाणारे बघत होते. घरी आले आणि दारातूनच सांगायला तोंड उघडलं. खाट रिकामी.

घर आपलं आहे. तुझी खोली आहे तशी आहे. ये तेव्हा ये, पण त्यांना फार दुखलं का, हे मला विचारू नको.

या हातांचा आशीर्वाद चालत असेल तर घे.

तुझी आजी,
ऑर्मिंदा सिल्वेरा